मुकादमाची वही आणि अंगणवाडीचं रजिस्टर

दसरा सरला की बीड जिल्ह्यातल्या वाड्या-वस्त्या ऊसतोडीपायी रिकाम्या व्हायला लागतात. मुकादमाच्या वहीत सगळं टिपलेलं असतं: कुठल्या वस्तीवरून किती कोयते, कुणी किती उचल घेतली, कुठल्या कारखान्याला जायचं. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तिच्यासोबत गाडीत चढणारं पोर मात्र त्या वहीत नसतं. त्याच्या नावावर उचल नसते ना! त्याचं नाव असतं अंगणवाडीच्या रजिस्टरात, वजन-उंचीसकट. नाव गावात आणि पोर उसाच्या फडात, पाचटावर निजवलेलं.

सरकारकडे माहितीचा तुटवडा आहे, असं कुणी म्हणू नये. याच पोराच्या जन्माची नोंद ग्रामपंचायतीत आहे, लशीची आशाताईंकडे, थोरल्या भावाचं नाव शाळेच्या पटावर आणि घराचं धान्य रेशन दुकानाच्या पॉस मशीनवर. ही दप्तरं एकाच गावात नांदतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. जो तो आपला आकडा वर पाठवतो. खाली परत येते ती सरासरी: २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानानं बुटकी. मंत्रालयाला हा आकडा पुरतो. सेविकेला नावं लागतात.

नावानिशी मोजलं की काय होतं, हे गडचिरोलीनं कधीच दाखवलंय. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’नं गावोगावचा प्रत्येक जन्म, प्रत्येक मृत्यू नोंदवला. मग ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची देखभाल शिकवली. तीन वर्षांत तिथले नवजात मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. पुढे २००१च्या ‘कोवळी पानगळ’ अहवालानं तर सरकारी दप्तरात बालमृत्यूंचा लहानसा हिस्साच चढतो, हे राज्यापुढे मांडलं. जे मूल मेल्याचंच कागदावर नाही, त्याच्यासाठी तरतूद कोण करणार?

इंग्लंडमधल्या शेफील्ड महापालिकेची गोष्ट इथे आठवते. तिथे शाळेतल्या मोफत जेवणासाठी पालकांनी अर्ज करायचा असतो, आणि पात्र असूनही बरेच जण करत नाहीत. भाडे-सवलत घेणाऱ्या घरांची यादी पालिकेकडे होतीच. ती शाळेच्या यादीशी जुळवून पालिकेनं २०१६पासून पात्र मुलांची नावं स्वतःहून घालायला सुरुवात केली. नको असेल त्या पालकानं तेवढं कळवायचं. अर्जाचा भार घरावरून उचलून कार्यालयावर टाकला, एवढीच काय ती करामत.

आपल्याकडे यंत्राची हौस आहे, पण तिचा रोख उलटा. घरी न्यायच्या पोषण आहारासाठी जुलै २०२५पासून पोषण ट्रॅकरवर लाभार्थ्याचा चेहरा जुळवावा लागतो. बोगस नावं असतात, ती गाळायलाही हवीत. पण गाळणीवर इतका जीव आणि राहून गेलेलं पोर शोधायला काहीच नाही, हे कसं? (दप्तरं जोडायची म्हणून कुणाची गरिबी चावडीवर चिकटवायचीही गरज नाही. सेविका, आशा, ग्रामसेवक आणि मुख्याध्यापक एका टेबलाशी बसले तरी निम्मं काम होतं.) ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्चावेत, असा नियम आहे. दप्तरं जुळली तर त्या पैशाला निदान पत्ता तरी मिळेल.

स्थलांतर नोंदवणारी संगणक प्रणालीही राज्यानं आणली आहे. कुटुंब निघालं की सेविकेनं नोंद करायची, म्हणजे पोचल्या गावच्या अंगणवाडीला कळतं. पण गाडी रात्री येते, पहाटेला वस्ती ओस पडते आणि सेविकेला ते कळतं दाराला कुलूप दिसल्यावर. खरं तर इतकं थांबायची गरजच नाही. उचल पावसाळ्यातच वाटली जाते. नोव्हेंबरात कोणतं पोर कुठल्या कारखान्याच्या कोपीत असेल, हे मुकादमाला ऑगस्टमध्येच ठाऊक असतं.