अर्धा कोयता

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा बीडकडच्या वस्त्या ऊसतोडीसाठी रिकाम्या होऊ लागल्या असतील. कुणाची दिवाळी घरी, कुणाची ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. नवराबायको मिळून एक कोयता. राबायचे दोघांनी, पण उचलीचे आगाऊ पैसे मुकादम मोजतो ते नवऱ्याच्या हाती. काम बुडाले की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. मग पाळी असो, नाहीतर दिवस भरत आलेले असोत.

‘पिशवी काढली’ हे शब्द तिकडे किती सहज बोलले जातात, ते २०१९ साली शहरांना कळले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांहून अधिक बायकांची गर्भाशये काढलेली निघाली. चर्चा झाली ती डॉक्टरांची, आणि ती व्हायलाच हवी होती. ज्या खाड्याच्या धाकाने पिशव्या निघतात, त्याविषयी मात्र फारसे कुणी बोलले नाही.

बाळंतपणाच्या हक्काचा देशातला पहिला कायदा मुंबई प्रांताने केला, १९२९ साली. त्याच्या आदल्या वर्षी मुंबईच्या कायदेमंडळात विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिशेब मांडला होता : आईला विश्रांती मिळण्यात देशाचे हित आहे, म्हणून मोठा भार सरकारने उचलावा, पण बाईच्या कामातून मालकही कमावतो, तेव्हा थोडा त्यानेही सोसावा. गिरणीत हे जमण्यासारखे होते. तिथे हजेरीपटावर बाईचे नाव असे आणि मालक कोण हे सगळ्यांना ठाऊक असे.

फडावर मालक कोण? कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम कारखान्याकडे. पुढे १९६१चा केंद्रीय कायदा आला, २०१७ साली रजा २६ आठवड्यांची झाली. कचेरीत बसणाऱ्या आमच्या लेकीसुनांना ती मिळते (तीही कधी कधी साहेबाचे तोंड बघून), याचा आनंदच आहे. बाळंतपणानंतर सहा आठवडे बाईला कामाला लावू नये, हेही कायद्यात आहे. फडावर ओली बाळंतीण मोळ्या वाहते तेव्हा ते कलम कुणाला दाखवायचे?

रजेच्या पगारासाठी अट आहे वर्षभरात ८० दिवस कामाची. आता तोडणीचा हंगामच चार-पाच महिन्यांचा. दिवस तिचे केव्हाच भरतात, पण ते कोयत्याच्या नावावर. करारात तिचे नाव वेगळे लिहा, हजेरी वेगळी धरा, एवढेच आम्ही मागतो आहोत. उरलेल्या टोळ्या निघायच्या आत झाले तर याच हंगामापासून.