बायोगॅस प्लांटच्या उद्घाटनाआधी त्याच्या रोजच्या जेवणाचं बघा

परवा सकाळी बसस्टँडमागच्या गल्लीत गटार तुंबलं. नेहमीचंच. पाणी रस्त्यावर, शाळेची पोरं भिंतीला चिकटून चाललेली. सफाईच्या दोघांनी बांबू घालघालून जे बाहेर ओढलं, ते बघून मी हातातला चहा खाली ठेवला. पांढरट, मेणासारखा भलामोठा गोळा. मुकादम म्हणाले, "पत्रकारसाहेब, ही घाण गटारातली न्हवं, हाटेलातली हाय."

खरंय त्यांचं. भज्याचं जळकं तेल, मिसळीची तर्री, खरकट्यातली चरबी. गरम पाण्याबरोबर मोरीतून सहज जाते आणि पुढं थंड झाली की पाइपात थर धरून बसते. लंडनमध्ये २०१७ साली व्हाइटचॅपल भागात असाच गोळा सापडला होता. १३० टन वजन, २५० मीटर लांबी. त्यातल्या बऱ्याच भागाचं त्यांनी बायोडिझेल केलं. आपण आपला गोळा कडेला काढून ठेवतो. पाऊस आला की तो परत गटारात.

हे आज लिहायचं कारण म्हणजे सोमवारी नगरपालिकेची सभा आहे आणि विषयपत्रिकेवर मैला आणि ओल्या कचऱ्यापासून बायोगॅसचा प्रकल्प आहे. दोन दिवस फोन येतायत, "तुम्ही बाजूने का विरोधात?"

मी बाजूने आहे. पण आधी एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी आपल्याकडे एक छोटा बायोगॅस प्लांट झाला होता, आठवतोय? उद्घाटनाची बातमी मीच दिली होती. फोटो, फीत, पेढे, सगळं होतं. प्लांट वर्षभरही चालला नाही आणि बंद पडल्याची बातमी मी दिली नाही. आज त्याच्या सावलीला शेळ्या बसतात. तो का बंद पडला हे मी तेव्हा विचारलं नाही, म्हणून आता विचारून, वाचून लिहितोय.

बायोगॅस प्लांट म्हणजे एक पोट आहे. हवाबंद टाकीत जिवाणू राहतात. ते घाण खातात, आधी तिची आम्लं करतात, मग दुसरे जिवाणू त्या आम्लांचा मिथेन करतात. ३५-३७ अंशांची ऊब लागते आणि निदान दोन-तीन आठवडे लागतात. पोटाचे सगळे नियम इथं लागू. वेळेवर घास, पचेल तेवढाच घास, आणि प्लॅस्टिक नको.

या पोटाला सगळ्यात जास्त ताकद देणारा खुराक कोणता? तेल-तूप-चरबी. एक किलो शुद्ध चरबीतून कागदावर हजार लिटरच्या आसपास मिथेन निघू शकतो. भात-पोळीसारख्या पिठूळ पदार्थांतून किलोमागे ४०० लिटरच्या आसपास. म्हणजे जो गोळा आपण काठीने ढोसतोय, तो त्या पोटाचं पक्वान्न आहे.

पण नुसतं तूप पिऊन कोणी जगतं का? चरबी एकदम जास्त घातली की तिची आम्लं जिवाणूंवर थर धरतात, टाकी आंबते, फेस वर येतो आणि गॅस थांबतो. तिथं मैल्याचा गाळ कामाला येतो. त्यात नत्र असतं, ओलावा असतो आणि आम्लाला आवर घालायची ताकद असते. गाळ रोजची भाकरी, चरबी वरचं तूप. दोन्ही मापात घातले तर एकट्या गाळापेक्षा कितीतरी जास्त गॅस मिळतो. कॅलिफोर्नियात ओकलंडचं सांडपाणी केंद्र बाहेरची चरबी आणि खरकटं मुद्दाम मागवतं. २०१२ पासून ते स्वतःच्या गरजेपेक्षा जास्त वीज बनवू लागलं.

"अमेरिकेचं सोडा हो" म्हणणाऱ्यांसाठी आपल्याकडचं सांगतो. देहूत वैद्यकीय अधिकारी म्हणून आलेल्या डॉ. सुहास मापुस्करांनी संडासाला जोडलेल्या गॅस प्लांटवर आयुष्य घालवलं. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. नाशिक महापालिकेने जर्मनीच्या मदतीने हॉटेलांचा ओला कचरा आणि सार्वजनिक शौचालयांचा मैला एकत्र कुजवून वीज करायचा प्रकल्प उभारला. क्षमता दिवसाला ३० टन.

यातला 'सार्वजनिक शौचालयांचा' हा शब्द नीट वाचा. आपल्या प्रस्तावात सगळा हिशोब घरोघरच्या सेप्टिक टाक्यांवर मांडलाय. इतके टँकर म्हणजे इतका गॅस. आपल्या टाक्या उपसतात कधी? भरून वाहायला लागल्यावर. पाच वर्षं, दहा वर्षं. तेवढ्या काळात त्या मैल्यातला गॅस टाकीतच निघून हवेत गेलेला असतो. उरतो तो खाऊन झालेला चोथा. सार्वजनिक शौचालयाची टाकी लवकर भरते, म्हणून तिथला मैला ताजा असतो, त्यात दम असतो. घरच्या टाक्या उपसायलाच पाहिजेत, वाई आणि सिन्नरने तर ठरलेल्या पाळीने उपसायची पद्धत बसवून दाखवली. ते आरोग्यासाठी करा. त्या चोथ्यावर गॅसचं गणित मांडू नका, पुन्हा शेळ्यांनाच सावली होईल.

म्हणून सोमवारी सभेत चार गोष्टी ठरवून घ्या, मग खुशाल नारळ फोडा.

१. आधी हॉटेलं, खाणावळी, मंगल कार्यालयांत चरबी अडवणारी टाकी, म्हणजे ग्रीस ट्रॅप. नुसती बसवून चालत नाही, भरली की उपसावी लागते. ते काम नगरपालिकेच्या गाडीने ठरलेल्या दिवशी करावं.

२. रोज किती आणि काय मिळणार, याची तीन महिने प्रत्यक्ष मोजणी करा. टाकी त्या आकड्यावर बांधा, निधीच्या आकड्यावर नको.

३. ठेकेदाराचे पैसे बांधकामावर संपवू नका. काही भाग रोजच्या गॅसच्या मीटरवर द्या, निदान पाच वर्षं. आम्लता रोज तपासणारा शिकलेला माणूस पगारावर ठेवा.

४. गॅस कुठं जाळणार हे आधी ठरवा. प्लांटमधून निघणारा गाळ तसाच शेतात द्यायचा नाही. मैला आहे तो, त्यातले रोगजंतू मारल्याशिवाय खत म्हणू नका.

हॉटेलवाले मित्र चिडतील. "आम्ही कर भरतो, वर टाकी पण आम्हीच घालायची?" तक्रार अगदी चुकीची नाही. गाडीवाल्याला टाकी परवडणार नाही, त्यांच्यासाठी एका चौकात मिळून एक टाकी नगरपालिकेने करावी. पण मोठ्या खानावळीने हात वर करू नयेत. तळून काळं झालेलं तेल मात्र वेगळं ठेवा. ते बायोडिझेलवाले विकत घेतात, त्याला सरकारी योजनाही आहे. तेच तेल स्वस्तात छोट्या गाड्यांना विकलं तर ते आपल्याच पोरांच्या पोटात जातं.

शेवटचं, आणि माझ्यासाठी सगळ्यात मोठं. ज्या गॅसवर दिवा लागतो तोच बंद टाकीत साठला की जीव घेतो. मिथेनचा भडका होतो आणि त्याच्याबरोबरचा हायड्रोजन सल्फाइड दोन श्वासात माणूस आडवा करतो. सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात, सेप्टिक टाकीत माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरी टाकीत गुदमरून मेलेल्यांच्या बातम्या मी या वीस वर्षांत लिहिल्यात. परवा गटारापाशी वाकलेले ते दोघे, त्यांच्या हातात साधे मोजेसुद्धा नव्हते. चरबी हॉटेलातच अडली तर त्यांच्यावर वाकायची वेळच कमी येईल. प्लांटमधून एक युनिट वीज नाही निघाली तरी तेवढ्यासाठी हे करावं, असं माझं मत आहे.

सोमवारी सकाळी ११ वाजता मी सभेला असणार. तुमच्या वॉर्डाच्या नगरसेवकाला आजच फोन करा आणि एवढंच विचारा: "साहेब, प्लांट रोज खाणार काय?" उत्तर काय मिळालं ते खाली लिहा. या वेळी उद्घाटनाची बातमी देईन, आणि एक वर्षानंतरचीही देईन. शब्द आहे.