बोलती बंद करणं म्हणजे उत्तर देणं नव्हे

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. निमित्त माझ्या नातवाचं. तो पुण्याला शिकतो. परवा त्याचा फोन आला, आवाजात भलताच उत्साह. म्हणाला, "आजोबा, होस्टेलमधला एक जण आपल्या धर्माबद्दल वाटेल ते बोलत होता. मी त्याची बोलती बंद केली. शेवटी उठून गेला तो."

मी "बरं, बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. पण रात्री झोप लागेना. कारण अशीच एका माणसाची बोलती मीही एकदा बंद केली होती, आणि त्याची किंमत पुढे बरीच वर्षं मोजत होतो.

१९८८ साल असावं. शाळेत मी इतिहास आणि मराठी शिकवायचो. शिक्षकांच्या खोलीत माझ्या शेजारची खुर्ची गणिताच्या सरांची. माणूस सरळ, बुद्धीने तल्लख, आषाढीची वारी न चुकवणारा. डबा आम्ही मिळून खायचो. एका दुपारी ते सहज म्हणाले, "सर, तुमचा येशू मेल्यावर तिसऱ्या दिवशी उठला म्हणता. सिद्ध करून दाखवा बरं!" आता वाटतं, त्यांच्या विचारण्यात कुचेष्टा नव्हती. पण खोलीत आणखी चार-पाच जण होते, दोघे-तिघे हसले, आणि माझं डोकं फिरलं. मी बोलत सुटलो. पुस्तकांची नावं फेकली. शेवटी त्यांच्या वारीवर असा एक टोमणा मारला की खोली एकदम शांत झाली. तो टोमणा इथे लिहिणार नाही. सरांनी डबा झाकला आणि ते तासाला निघून गेले. मी जिंकलो होतो. दुसऱ्या दिवसापासून ते डबा घेऊन खिडकीपाशी बसू लागले.

पेत्राच्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायात एक सूचना आहे. तुमच्या आशेचं कारण कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार राहा, पण ते सौम्यतेने आणि आदराने द्या, असा तिचा आशय. आम्हा ख्रिस्ती लोकांना त्यातला पहिला भाग तोंडपाठ असतो. दुसरा भाग वाचायचाच राहतो. मी तर धार्मिक घरात वाढलेला, पण माझाही राहिला होता.

महाराष्ट्रात या वादांचा इतिहास मोठा आहे. १८३०च्या सुमारास मुंबईत डॉ. जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा वाद गाजला. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्या सभा भरत. ऐकायला गर्दी लोटायची. पुढे दोन्ही बाजूंनी त्या वादाची पुस्तकं छापली. त्या वादांनी मराठी गद्याला धार आली, हा फायदा मी मराठीचा शिक्षक म्हणून मान्य करतो. पण त्या काळच्या काही मिशनरी लिखाणात समोरच्याच्या देवांबद्दल जी तुच्छता आहे, ती वाचताना आज मला लाज वाटते. ज्याला आपल्या प्रभूचं प्रेम सांगायचं, त्याच्याच आईवडिलांच्या श्रद्धेला हिणवायचं, हे कुठलं शास्त्र?

याउलट रेव्हरंड ना. वा. टिळकांचं घर बघा. १८९३मध्ये रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हातात नवा करार ठेवला. टिळकांनी तो तपासून वाचला, प्रश्न विचारले आणि १८९५च्या फेब्रुवारीत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. पुढे त्या नवऱ्याकडे राहायला आल्या त्या आपलं सोवळं घेऊनच. टिळकांसारखा शब्दप्रभू! वादात बायकोला हरवणं त्यांना काय अवघड होतं? पण त्यांनी तिचं सोवळं, तिचा वेगळा स्वयंपाक सांभाळू दिला. जातिभेद देवाने केलेला नाही, हे लक्ष्मीबाईंना पटलं ते त्यांच्या स्वतःच्या विचाराने. १९००मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तोही स्वतःच्या पायांनी चालत जाऊन. टिळक तापट होते, संसारात त्यांनी बाईंना त्रासही पुष्कळ दिला. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना ते सांगायला नको. पण श्रद्धेच्या बाबतीत त्यांनी वाट पाहिली.

आता कुणी म्हणेल, मग काय नुसतं गोड बोलायचं? प्रश्नांना उत्तरं द्यायचीच नाहीत? तसं मुळीच नाही. उत्तर टाळणं हाही समोरच्याचा अपमानच. त्याने डोकं चालवून विचारलं, तर आपणही डोकं चालवूनच सांगायला हवं. फक्त ते प्रामाणिक असावं.

उदाहरणार्थ, "तुमचा धर्म परका" हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलो. त्यावर चिडण्यापेक्षा मी सांगतो की ख्रिस्ती धर्म जन्मला तो आशियात, युरोपात नव्हे. केरळातली ख्रिस्ती मंडळी युरोपियन गलबतं यायच्या कितीतरी शतकं आधीची. फादर स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापलं गेलं, तेही ओवी छंदात. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ची. २०२०च्या जानेवारीत तेव्हाच्या उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, मराठी साहित्य संमेलन भरलं तेव्हा अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. त्यांच्या निवडीला विरोध झाला, धमक्यांचे फोन गेले. त्यांनी कुणाला शिवी दिली नाही. प्रकृती बरी नसतानाही ते आपल्या मराठवाड्यात आले आणि जे सांगायचं ते शांतपणे सांगून गेले. २०२४मध्ये ते वारले.

पण त्याच दमात मला हेही सांगावं लागतं की गोव्यात १५६०पासून अडीच शतकं इन्क्विझिशन होतं आणि त्याने धर्माच्या नावावर माणसं छळली. ते लपवून "आम्ही फक्त शाळा आणि दवाखाने काढले" म्हणणं हे अर्धसत्य. तसंच आमिषाचं. दुष्काळात काही माणसं धान्यासाठी मिशनच्या दारात आली, हे खरं आहे. पण उपाशी माणसाला "आधी तुझा हेतू शुद्ध कर" असं म्हणायचं का? आणि ज्यांना गावची विहीर शिवू दिली जात नव्हती, त्यांनी आपल्याला माणूस म्हणणाऱ्याकडे वळावं, यात निव्वळ आमिष दिसत असेल तर आपण नीट बघत नाही. दोन्ही बाजू मांडल्या की ऐकणाराही जरा सैल होतो, असा माझा अनुभव आहे.

असो. गणिताच्या सरांकडे येतो.

त्या दुपारनंतर दोन वर्षांनी त्यांचा मुलगा अपघातात गेला. एकुलता एक. मी गेलो, पण दारातच पाय अडखळले. आत जाऊन काय बोलणार? देवाच्या इच्छेबद्दल पाठ केलेली सगळी वाक्यं त्या उंबऱ्यावर खोटी वाटायला लागली. सरांनी मला पाहिलं आणि हात केला. म्हणाले, "या. पण आज काही सांगू नका." मी शेजारी बसून राहिलो. पुढे महिनाभर रोज संध्याकाळी जात होतो. बोलणं फार होत नसे. एवढ्या वर्षांच्या वाचनातून मला त्या प्रश्नाचं उत्तर सापडलेलं नाही. एवढंच म्हणू शकतो की माझा देव दुःखाकडे दुरून बघणारा नाही, तो स्वतः क्रुसावर गेला. पण हेसुद्धा मी त्या महिन्यात बोललो नाही. ती वेळ नव्हती.

बऱ्याच महिन्यांनी एका संध्याकाळी त्यांनीच विषय काढला. "सर, त्या दिवशी तुम्ही काहीतरी पुराव्याचं सांगत होतात. आता सांगा, नीट ऐकतो."

मी आधी त्या टोमण्याबद्दल माफी मागितली. मग म्हटलं, सर, तुमच्या प्रमेयासारखी ही सिद्धता नाही. हा इतिहासातला पुरावा, म्हणजे साक्षीचा. चारही शुभवर्तमानांत रिकामी कबर आधी बायकांना दिसते. त्या काळच्या यहुदी समाजात बायकांच्या साक्षीला फारसं वजन नव्हतं. गोष्ट रचायचीच असती तर रचणाऱ्याने पहिले साक्षीदार असे का निवडले असते? शिवाय पौलाने करिंथकरांना लिहिलेलं पत्र घटनेनंतर वीस-पंचवीस वर्षांतलं, म्हणजे पाहिलेली माणसं हयात असतानाचं.

सरांनी माझ्याकडून नवा करार नेला. आठ दिवसांनी आले ते पेन्सिलच्या खुणा करूनच. म्हणाले, "पौलाच्या यादीत त्या बायका नाहीतच! आणि कबरीपाशी एके ठिकाणी एक देवदूत, दुसरीकडे दोन." मला हसू आलं. खरंच होतं ते. मी म्हटलं, बरोबर आहे तुमचं. चार साक्षीदारांचे तपशील जुळत नाहीत. पण शब्दन् शब्द जुळला असता तर तुम्हीच म्हणाला असता, पढवलेली साक्ष आहे. पौलाच्या यादीत बायका का नाहीत, याचं पक्कं उत्तर माझ्याकडे नाही. तेही हसले. कितीतरी दिवसांनी हसले.

असं आमचं वर्षानुवर्षं चाललं. ते शेवटपर्यंत वारकरी राहिले, मी शेवटपर्यंत ख्रिस्ती राहणार. एकदा मात्र म्हणाले, "सर, तुमचं आता समजलं. पटलं नाही, पण समजलं." मला मिळालेली ही सगळ्यात मोठी पावती. पटवून देणं माझ्या हातात कधीच नव्हतं, माझ्या विश्वासाप्रमाणे ते देवाचं काम. समजेल असं सांगणं आणि ऐकणाऱ्याला उठून जावंसं वाटणार नाही असं वागणं, एवढंच माझं काम.

तेव्हा बाळा, हे वाचशील तेव्हा त्या मुलाच्या खोलीवर जा. माफी मागायची असेल तर आधी माग. मग चहाला घेऊन जा आणि त्याला नेमकं काय विचारायचं होतं ते विचार. उत्तर येत नसेल तर "मला माहीत नाही" म्हण, त्याने आपला धर्म बुडत नाही. आणि मला फोन कर. आपण दोघं मिळून शोधू.