राखून ठेवलेले वर्ष

अमेरिकेतील विद्यापीठांच्या फुटबॉल संघांत दरवर्षी अठरा-एकोणीस वर्षांची हजारो मुले दाखल होतात. आपापल्या शाळेत नायक ठरलेल्या या मुलांपैकी अनेकांना प्रशिक्षक पहिला हंगाम सामन्यांपासून दूर ठेवतात. आपल्या परिचयाच्या फुटबॉलशी नावापलीकडे फारसे नाते नसलेल्या या खेळात अशा खेळाडूला ‘रेडशर्ट’ म्हणतात. पाच वर्षांच्या मुदतीत चार हंगाम खेळण्याची मुभा, या नियमावर ही प्रथा उभी राहिली. न खेळलेले वर्ष खर्ची पडत नाही. ते पुढे वापरता येते.

मूळ कल्पनेत गैर काही नाही. नुकत्याच शाळेतून आलेल्या मुलाचे शरीर बावीस वर्षांच्या धिप्पाड प्रतिस्पर्ध्याची धडक सोसण्यास तयार नसते. घरापासूनचा दुरावा आणि नवा अभ्यासक्रम यांचाही भार असतोच. एक वर्ष सराव, व्यायाम व अध्ययनात गेले, तर नुकसान होतेच असे नाही. टेक्सास ए अँड एमचा जॉनी मॅन्झिएल २०११ मध्ये आणि फ्लॉरिडा स्टेटचा जेमिस विन्स्टन २०१२ मध्ये असाच थांबला होता. दोघांनीही पुढच्याच हंगामात हाइझमन पारितोषिक पटकावले.

प्रश्न आहे तो हे थांबणे कोणाच्या हितासाठी, हा. पूर्वी एखाद्या सामन्यात काही क्षण उतरवले, तरी नवागताचा अख्खा हंगाम खर्ची पडे. हा अन्याय दूर करण्यासाठी राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने २०१८ मध्ये चार सामन्यांपर्यंत खेळूनही वर्ष राखण्याची सवलत दिली. सवलत स्वागतार्हच होती. पण तिच्यामुळे प्रशिक्षकाच्या हाती एक सोयीचे साधनही आले. कोणी जायबंदी झाला की नवागताला उतरवावे, चार सामने भरत आले की बाजूला करावे आणि एरवी सरावात पुढील प्रतिस्पर्ध्याची नक्कल करण्यास जुंपावे!

खेळाडूही हिशेब शिकले. त्याच वर्षी क्लेम्सनच्या केली ब्रायंटची जागा ट्रेव्हर लॉरेन्स या नवागताला मिळाली, तेव्हा ब्रायंटने चार सामन्यांनंतर संघ सोडला आणि राखलेला हंगाम तो २०१९ मध्ये मिसुरीकडून खेळला. २०२१ पासून संघ बदलणेही सुकर झाले. आज घडविलेला मुलगा उद्या दुसरीकडे जाणार असेल, तर त्याच्यासाठी वर्षभर कष्ट का घ्यावेत, असे प्रशिक्षकास वाटू लागल्यास नवल नाही. लक्षावधी डॉलरचे त्याचे वेतन याच हंगामातील विजयांवर टिकून असते.

तथापि, मुलगा आणि प्रशिक्षक यांचे बळ समान नाही. प्रशिक्षकाचे एक वर्ष वाया गेले, तर पुढचे असते. विद्यार्थ्याच्या वाट्याला हंगामच मोजके येतात. म्हणून थांबविण्याचा निर्णय हंगामाच्या आरंभीच, कारणांसह, त्याला व त्याच्या पालकांना सांगितला गेला पाहिजे. पाचव्या वर्षाच्या शिष्यवृत्तीची हमी आणि पदवीचा आराखडा त्यासोबत हवा. परिस्थिती पालटली, तर निर्णय बदलण्यापूर्वी त्याची संमती घ्यावी.

शिक्षक विद्यार्थ्याला थांबण्यास सांगतो, तेव्हा त्यामागे विद्यार्थ्याचे भवितव्य असते. प्रशिक्षकाचे थांबविणे या कसोटीस उतरत नसेल, तर ते मार्गदर्शन नव्हे, केवळ साठवणूक होय. राखून ठेवलेले वर्ष विद्यार्थ्याचे आहे, याचा विसर पडू नये.