कपाटातला संगणक

घरच्या कपाटात किंवा शिवणयंत्राच्या खणात एखादा जुना स्मार्टफोन पडलेला असेल, तो जरा बाहेर काढा. काच तडकलेली असली तरी हरकत नाही. चार्जर लावा. बहुधा तो जागा होईल. पडदा उजळेल, बोटाचा स्पर्श ओळखेल, वाय-फाय शोधू लागेल. मग असा धडधाकट फोन अडगळीत का गेला? घरची मंडळी सांगतील, "त्यात आता काही चालत नाही."

मागच्या हिवाळ्यात अकोल्याच्या एका विज्ञान मेळाव्यात नववीतल्या एका मुलाने असाच फोन माझ्यापुढे धरला. "सर, चार्जिंग घेते, आवाज येते, पन ॲपच उघडत नाई. मंग हा मेला काय जी?" मी मास्तरी थाटात उत्तर द्यायला तोंड उघडले आणि लक्षात आले, की प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. अमरावतीला घरी परतलो तरी तो डोक्यातून जाईना. त्याचे उत्तर आज थोडे उशिरा देतो आहे.

फोनमध्ये प्रक्रियक, स्मृती, पडदा, रेडिओ ही यंत्रांगे असतात. त्यांच्याकडून काम करवून घेणारी मूळ आज्ञावली म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, आणि तिच्या गाभ्याशी असतो 'कर्नल'. कोणत्या ॲपला प्रक्रियक किती वेळ द्यायचा, स्मृतीचा कोणता तुकडा कुणाचा, पडद्यावरच्या स्पर्शाची वर्दी कुणाला द्यायची, हा सारा कारभार कर्नल पाहतो. अँड्रॉइड फोनमधला कर्नल लिनक्सच असतो. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ साली तो लिहायला घेतला आणि कुणीही वाचावा, बदलावा असा खुला ठेवला.

कर्नल जर खुला आहे, तर फोन अडतो कुठे? चिप बनवणारी कंपनी लिनक्सची त्या काळची एक प्रत घेते, तिला आपल्या चिपपुरती ठिगळे लावते, आणि रेडिओ, चित्रण यांसारखे काही भाग बंद पेटीत, म्हणजे केवळ यंत्राला उमगणाऱ्या अंकांत देते. पुढे नवी चिप विकायची असते. जुन्या प्रतीकडे पाहायला कुणाला सवड उरत नाही. सुरक्षेची भोके बुजवली जात नाहीत, नवी ॲप्स नवी प्रणाली मागतात, आणि फोन मागे पडतो. अलीकडे काही महागड्या फोनांना सात वर्षे सुधारणा मिळतील असे वचन कंपन्या देतात. आपल्या खणातल्या फोनला असे वचन कुणी दिले नव्हते.

आपल्याच मुलखातले उदाहरण घ्या. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर मार्गावरची शकुंतला गाडी. १९२१ साली मँचेस्टरला बनलेले तिचे वाफेचे इंजिन सत्तर वर्षे राबले. १९९४ साली ते काढून तिला डिझेल इंजिन जोडले. रूळ तेच राहिले. इंजिन थकले म्हणून कुणी रूळ उखडून भंगारात घातले नाहीत. (शकुंतलेचे पुढे काय झाले, ती हळहळ वेगळ्या लेखाची.) फोनच्या बाबतीत मात्र आपण रूळच उखडतो.

फोनला नवे इंजिन जोडण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. 'उबुंटू टच' ही प्रणाली कॅनॉनिकल कंपनीने २०१३ साली जाहीर केली आणि २०१७ साली सोडून दिली. तेव्हा 'यूबीपोर्ट्स' या नावाने एकत्र आलेल्या स्वयंसेवकांनी ती उचलली. त्याच २०१७ साली 'पोस्टमार्केटओएस' सुरू झाली. अल्पाइन लिनक्स या अगदी आटोपशीर प्रणालीवर ती उभी आहे, आणि फोनने दहा वर्षे तरी काम द्यावे हा तिचा ध्यास आहे. तिची रीत मला विशेष आवडते. कंपनीची ठिगळांची जुनी प्रत शक्यतो बाजूला सारायची आणि टोरवाल्ड्स यांच्या मुख्य, ताज्या लिनक्सलाच तो फोन ओळखायला शिकवायचे. त्यासाठी प्रत्येक मॉडेलचा एक नकाशा लिहावा लागतो : पडदा कुठे जोडला आहे, आवाजाची कळ कोणत्या तारेवर आहे, बॅटरीचा मापक कोणत्या पत्त्यावर सापडेल. हे काम बहुधा तो फोन ज्याच्या हाती आहे असा कुणीतरी रात्री जागून करतो. २०१५च्या सुमारास आपल्याकडे विकल्या गेलेल्या, स्नॅपड्रॅगन ४१० चिपच्या कित्येक फोनांचे असे नकाशे आज तयार आहेत.

त्याच चिपचा, एक गिगाबाइट स्मृतीचा एक फोन माझ्याकडे होता. पहिल्याच संध्याकाळी फजिती झाली. फोन सुरू होताना सर्वांत आधी चालणारी छोटी आज्ञावली, म्हणजे बूटलोडर, कुलूपबंद असते. ते कुलूप उघडताच फोनमधले सारे पुसले जाते. भाचीच्या लग्नाचे फोटो गेले. चूक सर्वस्वी माझी. सूचनांच्या तिसऱ्या ओळीत ते स्पष्ट लिहिले होते, पण सूचना वाचायचा उपदेश मी इतरांना करतो. तिसऱ्या संध्याकाळी काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावू लागल्या. 'डीमेसग' अशी आज्ञा दिली, की कर्नल आपली दिनचर्याच वाचून दाखवतो : अमुक क्षणी स्मृती मोजली, अमुक क्षणी पडदा सापडला. इतकी वर्षे हातात धरलेली वस्तू त्या दिवशी मला प्रथमच आतून दिसली.

आता उणी बाजू, कारण ती झाकून ठेवणे विज्ञानाला शोभत नाही. असा फोन रोजच्या वापराला घ्या, असे मी मुळीच म्हणणार नाही. कॅमेरा पुष्कळदा चालत नाही. बँकांची आणि यूपीआयची ॲप्स परक्या प्रणालीवर सहसा उघडतच नाहीत. बोलणेही अडते. २०१६ साली सुरू झालेल्या जिओच्या जाळ्यात २जी-३जी नाहीच, तिथे आवाज ४जीच्या डेटातूनच जातो, आणि ती सोय खुल्या प्रणालींत बहुतेक फोनांवर अजून अपुरी आहे. शिवाय कर्नल ताजा झाला, तरी रेडिओच्या चिपमधली बंद आज्ञावली जुनीच राहते. म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. घरात एकच फोन असेल, आईचा भिशीचा हिशेब आणि बाबांचे पीकविम्याचे संदेश त्यावरच येत असतील, तर त्याला हात लावू नका. प्रयोग टाकलेल्या फोनवर करायचा.

मग उपयोग काय? संगणक म्हणून! पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक बनवला, तेव्हा देशभर कौतुक झाले. त्यातल्या ट्रान्सप्यूटर प्रक्रियकाचे घड्याळ सेकंदाला दोन-तीन कोटी ठोके देई. माझ्या त्या फोनातल्या चार प्रक्रियकांपैकी प्रत्येकाचे घड्याळ १२० कोटी ठोके देते. आणि ही वस्तू आपण बटणे-सुया ठेवतो त्या डब्यात टाकतो! वर्गात एखादा असा फोन ठेवला, तर 'किविक्स'च्या मदतीने मराठी विकिपीडियाची प्रत त्यावर साठवून इंटरनेटशिवाय साऱ्या वर्गाला वाचायला देता येते. ज्या फोनचा त्वरणमापक नव्या प्रणालीत चालतो, तो टेबलावर स्थिर ठेवला की सुमारे ९.८ हा आकडा दाखवतो. दोरीला टांगून झोका द्या, लंबकाचा आवर्तनकाल आलेखातून काढा, आणि पुस्तकातल्या सूत्राशी ताडून पाहा. शिक्षकांना माझी विनंती आहे, की संगणक-कक्ष मंजूर होण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा हे एकदा करून पाहा.

२०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निघाला. त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे. भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचरा नियम उत्पादकांवर पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी टाकतात. ठीक आहे. पण फोनच्या आयुष्यातल्या एकूण कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो बनतानाच खर्ची पडलेला असतो. तो वितळवण्याआधी दोन-चार वर्षे अधिक वापरणे केव्हाही शहाणपणाचे. युरोपीय संघाने जून २०२५ पासून नव्या फोनांची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षे आज्ञावलीची सुधारणा बंधनकारक केली. आपल्याकडे जुलै २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या यादीत शेतीची अवजारे आणि मोबाइल फोन शेजारी शेजारी आहेत. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला यातले मर्म सांगावे लागत नाही. ट्रॅक्टर गावच्या मिस्त्रीला उघडता येऊ नये, असे म्हणणाऱ्याला तो बांधावर उभा करणार नाही. माझे म्हणणे एवढेच, की सुधारणा थांबवताना कंपनीने बूटलोडरचे कुलूप उघडून द्यावे आणि यंत्रांगांची माहिती खुली करावी. फोन आपण पैसे मोजून घेतलेला असतो.

एक सावधगिरी राहिली. जुना फोन रात्रंदिवस चार्जरला लावून ठेवू नका. पूर्ण भरलेली लिथियम बॅटरी उष्णतेत लवकर खराब होते, आणि अकोल्याचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहे. पाठ फुगलेली दिसली, तर चार्जर तत्काळ काढा, बॅटरी दाबू किंवा टोचू नका, फोन दुरुस्तीच्या जाणकाराकडे न्या. माझा फोन सध्या खोलीतल्या थंड कोपऱ्यात, खिडकीपासून दूर ठेवला आहे. दर दहा मिनिटांनी तो आपल्याच बॅटरीचे तापमान नोंदवतो. उन्हाळा संपला, की तो आलेख घेऊन त्या अकोल्याच्या मुलाकडे जायचे ठरवले आहे.