दंतकथेवर वतन कोणाचे?

चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात एका अज्ञात इंग्रज कवीने राजा आर्थरच्या दरबारातील गवेन या सरदाराची कथा २,५३० ओळींत गुंफली. नववर्षाच्या मेजवानीत एक हिरवा योद्धा येतो. आपल्यावर कोणीही घाव घालावा, मात्र वर्षाने तोच घाव आपल्या हातून सोसावा, असे त्याचे आव्हान. गवेन त्याचे मस्तक उडवितो. योद्धा ते उचलून घेऊन चालता होतो! या काव्याची एकच हस्तलिखित प्रत उरली आहे. १७३१ साली लागलेल्या ग्रंथालयाच्या आगीतून ती बचावली.

या कथेवर डेव्हिड लॉवरी या अमेरिकन दिग्दर्शकाने २०२१ मध्ये 'द ग्रीन नाइट' हा चित्रपट काढला. लंडनमध्ये गुजराती कुटुंबात जन्मलेला देव पटेल त्यात गवेन झाला आहे. लॉवरीने मूळ कथा जशीच्या तशी ठेवलेली नाही. काव्यातला नामांकित सरदार येथे चाचपडणारा तरुण आहे. काव्यात गवेन जिवाच्या भीतीने एक मंतरलेला कमरपट्टा लपवितो. योद्धा मानेवर ओरखडा काढून त्याला सोडून देतो. गवेन लाजेने खचतो. दरबार मात्र हसून तसाच हिरवा पट्टा धारण करतो. चित्रपटातला गवेन अखेरीस पट्टा स्वतःच काढून ठेवतो आणि मान पुढे करतो. मूळ कवीने माणसाच्या दुर्बलतेला क्षमा केली. दिग्दर्शकाने तिच्याकडून मृत्यूला सामोरे जाण्याचे धैर्य मागितले. या बदलात काव्यातील विनोद आणि करुणा हरवली, असे आमचे मत आहे. परंतु असे मत मांडता येणे, हेच महत्त्वाचे. मूळ काव्य ग्रंथालयात सुखरूप आहे. चित्रपटाने त्याचे अक्षरही पुसले गेलेले नाही.

आपल्याकडे काय घडले? अल्लाउद्दिनाने चितोड जिंकले ते १३०३ साली. जायसीचे 'पद्मावत' १५४० चे. ज्या काव्यात हिरामण पोपट राजाला प्रेमाची वाट दाखवितो, त्याला कोणी बखर म्हणणार नाही. तरीही संजय लीला भन्साळी यांच्या चित्रपटावरून दंगा माजला. मार्च २०१७ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात, पन्हाळ्यानजीक मसाई पठारावर त्याचा देखावा जाळण्यात आला. नाव बदलून परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र मिळाल्यावरही काही राज्य सरकारांनी बंदी घातली. जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ती स्थगित करावी लागली. झुंडीला आवरणे हे ज्यांचे कर्तव्य, त्यांनीच तिच्यापुढे मान तुकवावी, ही लांच्छनास्पद गोष्ट होय.

या गदारोळात सर्वांत मोठी हानी झाली ती टीकेची. जोहाराचे उदात्तीकरण कितपत योग्य? अल्लाउद्दिनाला निव्वळ रानटी रंगविणे कितपत न्याय्य? हे खरे प्रश्न होते आणि काहींनी ते विचारलेही. पण जाळपोळीच्या धुरात ते नीट ऐकूच आले नाहीत. चित्रपट दाखविला जावा की नाही, एवढ्यावरच वाद अडला. तो चांगला की वाईट, हे ठरविण्याची उसंत समाजाला मिळाली नाही.

दंतकथा हे कोणा एका जातीचे वतन नव्हे. प्रत्येक पिढी ती आपल्या परीने सांगते. म्हणूनच ती शतकानुशतके टिकते. सांगणारा चुकला तर त्याला शब्दांनी खोडून काढावे. देखावे जाळून दंतकथेचे रक्षण होत नाही. तिच्याविषयी बोलणेच तेवढे बंद पडते.