झुकलेली पापणी आणि साध्यासाध्यविवेक

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात तिन्ही पाळ्यांत राबणारा कामगार ‘पापणी जड होऊन खाली येते’ ही तक्रार घेऊन बहुधा प्रथम औषधाच्या दुकानात अथवा आपल्याकडेच येतो. जागरणाचा शीण समजून त्यास नेत्रबिंदू वा वातशामक तेल देऊन वाटेस लावणे सोपे आहे. आमच्या मते नेमके येथेच सावध राहावयास हवे.

आचार्य सुश्रुतांनी वर्त्मगत रोग 21 सांगितले. त्यांतील वातहतवर्त्माची सांगड आपण पापणी पडण्याशी घालतो. परंतु आचार्यांनी तो व्याधी असाध्यांत गणला आहे, याचा मात्र सोयीस्कर विसर पडतो.

पापणी पडणे हे लक्षण होय, कारणे निरनिराळी. जन्मजात विकारात पापणी उचलणारा स्नायूच दुबळा असतो. बाहुली झाकली जात असेल तर बालकाची दृष्टी कायमची मंद राहू शकते. तेथे शस्त्रकर्म लांबवू नये. उतारवयात त्या स्नायूची कंडरा सैल होते. तिचाही मुख्य उपाय शस्त्रकर्मच. सकाळी ठीक असणारी आणि सायंकाळी झुकणारी पापणी मायस्थेनिया ग्रेव्हिसची सूचना असू शकते. अशा रुग्णास सिप्रोफ्लॉक्सॅसिन, अ‍ॅझिथ्रोमायसिन यांसारखी प्रतिजैविके अपाय करू शकतात, हे औषधविक्रेत्यांनी विशेष ध्यानी ठेवावे. मधुमेहात तिसरी मस्तिष्क नाडी बाधित होऊन पडलेली पापणी बहुधा काही महिन्यांत सावरते. परंतु तीव्र शिरःशूल, एकाची दोन दिसणे आणि विस्फारलेली बाहुली सोबत असल्यास मेंदूतील धमनीला फुगा आल्याचा संशय धरावा. तेथे घटकेचाही विलंब नको.

खेड-मावळच्या गावांत आणखी एक कारण विसरता येत नाही. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसास मण्यार चावल्यास दंशाची खूण पुष्कळदा दिसतही नाही. पहाटे पोटात दुखते, दोन्ही पापण्या पडतात आणि पुढे श्वास थांबतो. येथे प्रतिविष व कृत्रिम श्वासोच्छ्वास यांनीच प्राण वाचतात.

म्हणून वैद्यबंधू-भगिनींस व औषधविक्रेत्यांस आमची नम्र सूचना : पापणी कधीपासून पडली, दिवसभरात कमी-अधिक होते काय आणि सोबत दुसरे काय आहे, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून औषध देऊ नये. अचानक पडलेली पापणी तत्काळ मोठ्या रुग्णालयात पाठवावी. निदान झालेल्या जुन्या रुग्णास स्नेहन, तर्पण अवश्य द्यावे. मात्र त्याचे चालू औषध परस्पर बंद करू नये. योग्य वेळी रुग्ण पुढे पाठविण्यात वैद्याचा पराभव नाही. साध्यासाध्यविवेक हीच आपल्या शास्त्राची शिकवण आहे.